आठवडाभर आभाळ वाचू या

तुम्हांला आता अक्षरे वाचता येऊ लागली. दुकानाची पाटी वाचता येते. गाडीचा फलक वाचता येतो. चला, आता आणखी एक वाचन शिकू या. या वाचनाला पुस्तक लागत नाही, पैसा लागत नाही. दिवा तर मुळीच लागत नाही. उलट दिवा नसला तरच ते चांगले जमते. हे वाचन म्हणजे आभाळाचे वाचन.

आपल्या आज्या-पणज्यांना पुष्कळदा एक अक्षरही येत नसे. पण चंद्र पाहून ते तिथी सांगत. तिथीवरून खाडीला भरती केव्हा येणार ते सांगत. पहाटे पूर्वेला शुक्राची चांदणी वर आली की नांगर खांद्यावर घेत. आभाळ हेच त्यांचे घड्याळ आणि तेच पंचांग.

आज भिंतीवर दिनदर्शिका आहे, हातात मोबाइल आहे. मान मात्र वर होत नाही. मान वर होत नाही म्हणून एक नुकसान होते. कोणी येऊन म्हणतो, “तुला शनी वाकडा आहे.” आपण घाबरतो. तो शनी आभाळात कोठे आहे, दिसतो कसा, हे आपण कधी पाहिलेलेच नसते. न पाहिलेल्या गोष्टीची भीती फार. पाहिली की ती निम्मी होते.

म्हणून आम्ही म्हणतो, एक आठवडा रोज संध्याकाळी थोडा वेळ काढा. अमावास्या झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरुवात करा. आम्ही सांगतो ते ऐका, पण खरे-खोटे स्वतःच्या डोळ्यांनी करा.

कोठे उभे राहावे?

ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत रात्री दिव्यांचा लखलखाट असतो. त्या उजेडात बारीक तारे बुडून जातात. तरी घाबरू नका. चंद्र आणि मोठे ग्रह भर शहरातूनही दिसतात. गावाबाहेरचे मैदान, खाडीचा बांध, शेताची वाट किंवा घराची गच्ची, कोणतीही जागा चालेल. एवढेच बघा की रस्त्याचा दिवा थेट डोळ्यांवर येता कामा नये. पश्चिमेची बाजू मोकळी असावी. अंधारात दहा-पंधरा मिनिटे थांबा. डोळे अंधाराला सरावतात आणि मग अधिक दिसू लागते.

आता दिशा पक्क्या करा. ठाण्याच्या माणसाला येऊरचे डोंगर पश्चिमेला. सूर्य त्यांच्यामागे मावळतो. डोंबिवलीच्या माणसाला पारसिकचा डोंगर मावळतीच्या बाजूला. कल्याण-डोंबिवलीकडून मलंगगड दक्षिणेला, जरासा पूर्वेकडे. तुमच्या गावात अशा खुणा असतीलच. आज सूर्य कोणत्या झाडामागे बुडाला ते ध्यानात ठेवा. मग पश्चिम चुकायची नाही.

आभाळात अंतर मोजायला फूटपट्टी नको. हात समोर लांब करा आणि मूठ वळा. त्या मुठीची रुंदी म्हणजे सुमारे दहा अंश. क्षितिजापासून थेट डोक्यावरपर्यंत अशा नऊ मुठी बसतात. ही आपली मोजपट्टी. लहान मुलाचा हात लहान आणि मूठही लहान. म्हणून प्रत्येकाला आपली मूठ चालते.

चंद्राची कोर का वाढते?

चंद्राला स्वतःचा उजेड नाही. तो दगड-मातीचा गोळा आहे. सूर्याचा उजेड त्याच्यावर पडतो आणि तो आपल्याला दिसतो. सूर्याकडची त्याची अर्धी बाजू नेहमीच उजळलेली असते. ती उजळलेली बाजू आपल्याकडे किती वळली आहे, त्यावर कोर लहान की मोठी ते ठरते.

घरी करून पाहा. अंधाऱ्या खोलीत डोक्याच्या उंचीवर एक दिवा लावा. एक पांढरा चेंडू घ्या. नसेल तर पेरूला चुना लावा. हात लांब करून तो डोक्याहून किंचित वर धरा. प्रथम दिव्याकडे तोंड करा. चेंडूची आपल्याकडची बाजू काळी दिसते. ही अमावास्या. आता जागेवरच हळूहळू डावीकडे वळा. चेंडूच्या उजव्या कडेला उजेडाची कोर दिसेल. ही बीज. पाव फेरी वळलात की अर्धा चेंडू उजळ. ही अष्टमी. दिव्याकडे पाठ झाली की पुरता चेंडू उजळतो. ही पौर्णिमा. तसेच पुढे वळत राहा. उजेड पुन्हा कमी होत जाईल. हा झाला वद्य पक्ष.

म्हणजे कोणी चंद्राला खात नाही आणि कोणी त्याला कापतही नाही. तो आपल्याभोवती फिरतो, एवढेच. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. याचे तीस भाग केले की तीस तिथी होतात. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. बारा अंश म्हणजे आपली एक मूठ आणि वर दोन अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या एका बोटाची रुंदी. तिथी ही पुस्तकातली कोरडी गोष्ट नव्हे. ती आभाळात हाताने मोजता येते.

चंद्र किती दूर आहे? सुमारे ३,८४,००० किलोमीटर. ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून आली. ते अंतर होते सुमारे ३४ किलोमीटर. आता समजा, तासाला ६० किलोमीटर धावणारी गाडी चंद्राकडे निघाली. ती कोठेही थांबली नाही, रात्रंदिवस धावली, तरी तिला पोचायला २६६ दिवस लागतील. इतका दूर असूनही आभाळात चंद्रच आपला सर्वांत जवळचा शेजारी.

सात संध्याकाळ

पहिली संध्याकाळ, बीज म्हणजे द्वितीया. सूर्य मावळला की पश्चिमेला खाली नजर टाका. केसासारखी बारीक कोर दिसेल. तिची फुगीर बाजू सूर्याकडे आणि टोके सूर्यापासून दूर. घाई करा, कारण सव्वा-दीड तासात ती मावळते. डोंगर आड असेल तर त्याहून लवकर. अमावास्येनंतरची ही पहिली कोर पाहूनच मुसलमान बांधवांचा नवा महिना लागतो, आणि ईदही ठरते.

दुसरी संध्याकाळ, तृतीया. कोर जराशी जाड आणि कालच्यापेक्षा वर. नीट पाहा. कोरीच्या आतला काळा भागही अंधुक दिसतो. हा उजेड कोठून आला? सूर्याचा उजेड आपल्या पृथ्वीवर पडतो, येथून चंद्रावर जातो आणि फिरून आपल्याकडे येतो. पृथ्वीसुद्धा चंद्राला चांदणे देते, बरं का!

तिसरी संध्याकाळ, चतुर्थी. सूर्य मावळल्यावर चंद्र तीन तासांच्या आसपास आभाळात राहतो. भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र पाहू नये, अशी रूढी आहे. चंद्र मात्र प्रत्येक महिन्याच्या चतुर्थीला तसाच असतो. त्यात काही वेगळे घडत नाही.

चौथी आणि पाचवी संध्याकाळ, पंचमी आणि षष्ठी. आता एक गंमत पाहा. चंद्राजवळचा एखादा तारा हेरून ठेवा. तासाभराने पुन्हा पाहा. सगळे आभाळ पश्चिमेकडे सरकलेले असते. पण चंद्र त्या ताऱ्याच्या मानाने थोडा पूर्वेकडे गेलेला दिसतो. एका तासात तो स्वतःच्या रुंदीएवढा पूर्वेला जातो. म्हणूनच तो दररोज उशिरा मावळतो.

सहावी संध्याकाळ, सप्तमी. चंद्रावरचे काळे डाग पाहा. कोणी त्याला ससा म्हणतात, कोणी हरीण म्हणतात. ती चंद्रावरची मोठमोठी सपाट मैदाने आहेत. फार पूर्वी तेथे वितळलेला खडक पसरला आणि थिजला. म्हणून ती काळी दिसतात. त्याच चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चांद्रयान-३ उतरले. ससा काही भेटला नाही. मातीच भेटली.

सातवी संध्याकाळ, अष्टमी. सूर्य मावळताना चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. बरोबर अर्धा. तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. आता पहिल्या दिवसाची जागा आठवा. त्या दिवशी तो क्षितिजाजवळ होता. सात दिवसांत केवढी चाल केली!

जुन्या लोकांचा एक हिशोब आहे. शुद्ध पक्षात तिथीला दोनने गुणा. सूर्य मावळल्यावर तितक्या घटकांनी चंद्र मावळतो. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. वद्य पक्षात तोच हिशोब चंद्र उगवण्याचा. संकष्टी चतुर्थीला चार दुणे आठ घटका, म्हणजे सुमारे सव्वातीन तास. सूर्य साडेसहाला मावळला तर चंद्र पावणेदहाच्या सुमारास. हा अंदाज आहे. मिनिटाचा हिशोब नव्हे, तासभर इकडे-तिकडे होतो. पण संकष्टीचा उपास सोडायला ताट झाकून का बसावे लागते, ते यातून कळते.

चंद्र आणि आपली खाडी

आता कामाची गोष्ट. ठाण्याच्या एका अंगाला ठाण्याची खाडी. दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी. ती कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावरून, डोंबिवलीवरून, घोडबंदराजवळून वसईला समुद्रास मिळते. या खाड्यांत समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढले की भरती. उतरले की ओहोटी.

हे पाणी ओढतो कोण? मुख्यतः चंद्र. चंद्राच्या ओढीने त्याच्या बाजूचे पाणी फुगते. चंद्राच्या विरुद्ध बाजूलाही तसाच फुगवटा येतो. पृथ्वी फिरते, म्हणून दिवसात दोन भरत्या येतात. सूर्यही ओढतो, पण त्याची ओढ कमी पडते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एक होते. मग पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला आपण उधाण म्हणतो. उधाणाचा जोर त्या तिथीनंतर एक-दोन दिवस राहतो. अष्टमीच्या सुमारास दोघे आडवे ओढतात. मग भरती मंद. तिला भांगाची भरती म्हणतात. आभाळात अर्धा चंद्र आणि खाडीत भांग, असे हे जोडीने चालते.

भरती केव्हा येणार? कोकणातला कोळी बोटांवर हिशोब करतो. तिथीला तीनने गुणा आणि चाराने भागा. जो आकडा येईल, सुमारे तितके वाजता भरती पुरी होते. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच.

पंचमी घ्या. पाच त्रिक पंधरा. पंधरा भागिले चार म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला आणि दुपारी चारच्या सुमारास भरती. अष्टमी घ्या. आठ त्रिक चोवीस. भागिले चार म्हणजे सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमा घ्या. पंधरा त्रिक पंचेचाळीस. भागिले चार म्हणजे सव्वाअकरा. दुपारी आणि रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास पाणी भरते. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी.

हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याला लागू पडतो. खाडीत आतवर पाणी यायला आणखी वेळ लागतो. कल्याण तर बरेच आत. म्हणून आपल्या गावच्या धक्क्यावर दोन-चार दिवस नजर ठेवा. हिशोबापेक्षा पाणी किती उशिरा येते ते मोजा. तेवढा वेळ नेहमी मिळवा, की तुमच्या गावचा हिशोब तयार.

याचा उपयोग काय? होडीवाल्याला विचारा. ओहोटीला होडी चिखलात रुतते. डोल जाळे लावणारा पाण्याच्या धारेवर जगतो. खारजमिनीच्या शेतकऱ्याला विचारा. उधाणाला बांध फुटला तर खारे पाणी भातात शिरते आणि जमीन वर्षानुवर्षे नासते. म्हणून उधाणाच्या आधी बांध पाहावा लागतो. उघाडीचे दार नीट बसते की नाही, तेही पाहावे लागते.

पावसाळ्यात तर जिवाशी गाठ. २६ जुलै २००५ हा दिवस कोण विसरेल? त्या दिवशी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. उल्हास नदीला पूर आला. बदलापूर-कल्याणकडे घरांत पाणी शिरले. वरून पाऊस आणि खालून समुद्राची भरती. पावसाच्या पाण्याला वाट मिळेना. पाऊस आपल्या हाती नाही. तो केव्हा पडेल हे चंद्र सांगत नाही. पण भरती केव्हा आणि उधाण केव्हा, हे चंद्र आधी सांगतो. मोठा पाऊस आणि उधाण एकाच दिवशी येणार असे दिसले, तर गुरे, धान्य आणि माणसे आधीच उंचावर न्यावीत. सरकारी सूचनाही ऐकावी. कोणी सांगेपर्यंत थांबू नये.

तारा कोणता आणि ग्रह कोणता?

नुसत्या डोळ्यांना पाच ग्रह दिसतात. बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी. ते ओळखायच्या तीन खुणा आहेत.

पहिली खूण. तारा लुकलुकतो, ग्रह शांत दिसतो. तारे फार फार दूर आहेत, म्हणून ते नुसते टिंब दिसतात. हवेच्या हलण्याने ते टिंब थरथरते. ग्रह त्या मानाने जवळ. ते बारीक चकतीसारखे असतात, म्हणून स्थिर दिसतात. क्षितिजाजवळ मात्र ग्रहही लुकलुकतो. तो वर चढेपर्यंत थांबा.

दुसरी खूण. ग्रह चंद्राच्या वाटेवर असतात. ही वाट पूर्वेकडून वर चढून पश्चिमेला उतरते. उत्तरेला ध्रुवाच्या बाजूला ग्रह कधीच दिसायचा नाही. चंद्र महिन्यातून एकदा प्रत्येक ग्रहाजवळून जातो. तुमच्या आठवड्यात चंद्राशेजारी एखादे ठळक, न लुकलुकणारे टिंब आले, तर तो बहुधा ग्रहच. २४ मार्च २०२३ची संध्याकाळ आठवते? गुढीपाडवा होऊन दोन दिवस झाले होते. चंद्राच्या कोरीखाली अगदी लगत एक तेजस्वी ठिपका दिसत होता. ठिकठिकाणी लोक रस्त्यात थांबून वर पाहू लागले. तो शुक्र होता.

तिसरी खूण. ग्रह जागा बदलतो. तारे एकमेकांना धरून असतात. ग्रह त्यांच्यामधून सरकत जातो. ही खूण एका रात्रीत कळत नाही. आठ-पंधरा दिवस लागतात.

आता एकेकाची ओळख.

शुक्र सर्वांत तेजस्वी. तो सूर्याची संगत सोडत नाही. संध्याकाळी पश्चिमेला दिसेल, नाहीतर पहाटे पूर्वेला. आपल्या गावातून मध्यरात्री डोक्यावर शुक्र कधीच दिसत नाही. मध्यरात्री डोक्यावर ठळक ग्रह दिसला तर तो बहुधा गुरू.

गुरू पिवळसर पांढरा. शुक्राच्या खालोखाल तेजस्वी. तो सूर्याभोवती फिरायला सुमारे बारा वर्षे घेतो. बारा राशी, बारा वर्षे. म्हणजे एका राशीत जवळजवळ एक वर्ष. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी का येतो, ते आता कळले ना? गुरू सिंह राशीत यायला तेवढा वेळ लागतो. २०१५ साली सिंहस्थ झाला. बारा मिळवा. २०२७ येते.

मंगळ तांबूस. पृथ्वीजवळ येतो तेव्हा ठळक दिसतो. दूर जातो तेव्हा फिकट होतो. त्याच्या मातीत लोखंडाचा गंज आहे, म्हणून तो लाल. रोहिणी आणि ज्येष्ठा हे तारेही तांबूस आहेत आणि चंद्राच्या वाटेवरच आहेत. पण ते लुकलुकतात. त्यांना मंगळ समजू नका. भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळापाशी पोचले आणि त्याच्याभोवती फिरू लागले.

बुध लाजरा. सूर्याच्या अगदी जवळ राहतो. थोडेच दिवस दिसतो, तोही क्षितिजालगत. इमारती आणि डोंगर आड आले की बुध गेला. दिसला तर भाग्य समजा.

शनी फिकट पिवळा आणि शांत. फार झगमगत नाही. त्याच्याविषयी वेगळे बोलू.

विमानालाही ग्रह समजू नका. मुंबईचा विमानतळ जवळ आहे. विमानाचा दिवा येताना बराच वेळ स्थिर दिसतो. पाच मिनिटे थांबा. सरकला तर विमान.

साडेसातीचा हिशोब

शनी फार दूर आहे. सूर्यापासून सुमारे १४० कोटी किलोमीटर. त्याची वाट लांब आणि चाल हळू. एका फेरीला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत वाटले, तर एका राशीला अडीच वर्षे. पंचांगात असे धरतात की आपली रास, तिच्या आधीची आणि तिच्या पुढची अशा तीन राशींतून शनी जातो, तोवर साडेसाती. अडीच त्रिक साडेसात. हा झाला गणिताचा भाग.

आता आपण पुढचे गणित करू. राशी बारा. कोणत्याही दिवशी त्यांतल्या तीन राशींना साडेसाती असते. बारात तीन म्हणजे चवथा हिस्सा. तुमच्या गावात चारशे माणसे असतील, तर आज सुमारे शंभर जणांना साडेसाती आहे. त्या शंभरांत कोणाला मुलगा झाला असेल. कोणाचे पीक चांगले आले असेल. कोणी आजारी असेल. उरलेल्या तीनशेंतही असेच असेल. मग एकट्या शनीने काय केले?

घरात बाई तापाने फणफणते. बैल बसतो. कर्ज वाढते. अशा वेळी माणूस हळवा असतो. कोणी म्हणतो, “शनीची शांत करा, इतके रुपये लागतील.” मग तो उसने काढून पैसे देतो. ताप तसाच राहतो आणि कर्ज वाढते. आम्ही एवढेच सांगतो, तापाला दवाखाना, बैलाला गुरांचा डॉक्टर, कर्जाला हिशोबाची वही. ज्याला देवाला हात जोडायचे त्याने जोडावेत. त्याला पैसे लागत नाहीत. पण भीतीपोटी घर गहाण टाकू नये.

एकदा शनी डोळ्यांनी पाहा. जमल्यास दुर्बिणीतून पाहा. त्याच्याभोवती एक सुंदर कडे दिसते. बर्फाच्या आणि दगडांच्या असंख्य तुकड्यांचे ते कडे आहे. पाहिल्यावर भीती जाते आणि नवल वाटते.

२१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी आभाळात इतके जवळ दिसले की जणू एकच तारा. संध्याकाळी पश्चिमेला लोकांनी ते दृश्य पाहिले. ते खरोखर जवळ आले नव्हते. एकाच रेषेत आले, म्हणून तसे दिसले. पुढे दोन माणसे चालत असली, एक जवळ आणि एक दूर, तरी कधी कधी ती एकमेकांना चिकटलेली दिसतात. तसेच हे. दर वीस वर्षांच्या सुमारास असे घडते.

आपल्या भागातले आभाळ वाचणारे

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे नाव लक्षात ठेवा. ठाण्याला पहिली आगगाडी आली त्याच १८५३ साली त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूड गावी झाला. मॅट्रिकपुढे कॉलेजात जायला त्यांना मिळाले नाही. ते शाळामास्तर झाले. काही काळ ते ठाण्याच्या शाळेतही होते. नोकरी सांभाळून त्यांनी जुने ग्रंथ वाचले, आभाळाचे गणित शिकले. १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा मराठी ग्रंथ निघाला. विद्वान लोक आजही तो उघडतात. शिकायला वय आड येत नाही आणि कॉलेज नसले तरी अडत नाही, याचे हे उदाहरण.

ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनी तिथी, ग्रहणे आणि ग्रह यांविषयी सोप्या मराठीत पुष्कळ लिहिले. कल्याणला आकाश मित्र मंडळ आहे. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ साली सुरू झाले. कर्जतच्या वाटेवर बदलापूरच्या पुढे वांगणी गाव आहे. तेथे शहरापेक्षा अंधार जास्त. या मंडळाने तेथे रात्रभर आभाळ दाखवण्याचे कार्यक्रम वर्षानुवर्षे केले. शहराचे लोक तिकीट काढून तुमच्यासारख्यांच्या गावी अंधार पाहायला येतात! तुमच्या गावात अंधार असेल तर ते धन समजा. दिवा रस्त्यावर पडावा, आभाळावर नव्हे. दिव्यावर वरून झाकण घातले की रस्ताही उजळतो आणि तारेही दिसतात.

हे करून पाहा

एक वही घ्या. सात दिवस रोज चार ओळी लिहा. तारीख आणि तिथी. चंद्राचे लहानसे चित्र. सूर्य मावळताना चंद्र क्षितिजापासून किती मुठी वर होता तो आकडा. चंद्राजवळ ठळक टिंब दिसले का, आणि ते लुकलुकत होते का.

खाडीकाठी राहत असाल तर पाचवी ओळ लिहा. भरती किती वाजता पुरी झाली? तिथीच्या हिशोबाने किती वाजता यायला हवी होती?

रात्री ढग आले तर तसे लिहा. खोटे चित्र काढू नका.

आठव्या दिवशी वर्गात वह्या एकत्र ठेवा आणि पडताळून पाहा. सर्वांचे आकडे जुळले तर हिशोब पक्का. एखाद्याचे जुळले नाहीत तर रागावू नका. पुढच्या अमावास्येनंतर पुन्हा पाहा. चंद्र दर महिन्याला परत येतो. त्याची शिकवणी फुकट आहे.

आणि एक काम सांगायचे राहिले. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला बोलवा. भरतीचा हिशोब त्यांना कसा शिकवला होता, ते विचारा. ते सांगतील ते वहीत उतरून घ्या. त्यांना येते ते त्यांनी कधी लिहिले नाही. तुम्हांला आता लिहिता येते.